सहा पंचवीसला बंद असलेला संगणक

आमच्या ग्रंथालयाचा संगणक सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतो आणि सायंकाळी साडेसातला बंद होतो. ग्रंथपाल बाई आधी संगणक रीतसर बंद करतात, मग यूपीएसचे बटण, मग भिंतीवरचे बटण, आणि मे ते ऑक्टोबर या काळात प्लगही उपटून बाजूला ठेवतात. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात हे ज्याने पाहिले आहे, तो त्यांच्या या सवयीला नाव ठेवणार नाही. चूक माझी होती. देखभालीच्या स्क्रिप्टांचे, म्हणजे संगणकाने आपोआप चालवायच्या आज्ञांच्या फाइलींचे, वेळापत्रक मी या सवयीचा विचार न करता मान्य केले, आणि त्यामुळे २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत ग्रंथालयाच्या नोंदींची एकही बॅकअप प्रत निघाली नाही. कोकणातल्या अनेक शाळांत, पतसंस्थांत आणि ग्रंथालयांत संगणक असाच रात्री बंद असतो, आणि त्यांतल्या काही ठिकाणी हाच प्रकार आजही चालू असेल अशी मला काळजी वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुस्तकांच्या नोंदींसाठी आम्ही कोहा वापरतो. न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालय न्यासासाठी १९९९ मध्ये ही प्रणाली तयार झाली, २००० च्या जानेवारीत ती वापरात आली, आणि माओरी भाषेत कोहा या शब्दाचा अर्थ भेट असा होतो. ती सर्वांना मोफत मिळते आणि आमच्यासारख्या संस्थेला तिचे मोल फार आहे. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या सर्व्हर आवृत्तीवर मी ती बसवली, आणि बाईंनी जवळजवळ दोन वर्षे खपून सुमारे अकरा हजार पुस्तकांच्या नोंदी तिच्यात भरल्या. कोहा बसवतानाच ती रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये आपली एक स्क्रिप्ट ठेवते. ही स्क्रिप्ट दररोज डेटाबेसची आणि सेटिंगची प्रत काढते, शेवटच्या दोन दिवसांच्या प्रती ठेवते आणि त्याआधीच्या पुसते. हे मी वाचले होते, आणि वाचून निश्चिंत झालो होतो.

त्या फोल्डरमधली स्क्रिप्ट चालते कशी आणि केव्हा, हे मात्र मी पाहिले नव्हते. डेबियन (उबुंटू जिच्यावर बेतली आहे ती लिनक्स प्रणाली) आणि उबुंटूवर हे काम क्रॉन या, ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडे असते. प्रोग्रामर पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचाच हा वंशज आहे. तो दर मिनिटाला जागा होतो, आपली यादी पाहतो, आणि या मिनिटासाठी कोणते काम लावलेले असेल तर ते सुरू करून देतो. सिस्टीमच्या मूळ यादीत रोजच्या कामांची वेळ सकाळी ६ वाजून २५ मिनिटे, आठवड्याच्या कामांची रविवारी ६ वाजून ४७ मिनिटे आणि महिन्याच्या कामांची १ तारखेला ६ वाजून ५२ मिनिटे अशी ठरलेली आहे. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरसाठी ही वेळ उत्तम आहे. आमचा संगणक त्या वेळी प्लगशिवाय पडलेला असे. क्रॉनला मागे वळून पाहण्याची सोय नाही. ते मिनिट गेले की त्या दिवसाचे काम गेले, आणि नऊ वाजता संगणक सुरू झाल्यावर क्रॉन शांतपणे पुढच्या सहा पंचवीसची वाट पाहू लागे. कोठेही त्रुटीचा संदेश नाही, लॉगमध्ये तक्रार नाही. जे काम सुरूच झाले नाही, ते अयशस्वी झाल्याची नोंद तरी कोण करणार?

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी गावाजवळ वीज पडली आणि राउटर व संगणकाचा पॉवर सप्लाय दोन्ही जळाले. हार्ड डिस्क वाचली. नवा सप्लाय बसवून संगणक सुरू झाल्यावर, सर्व ठीक आहे ना हे पाहावे म्हणून मी प्रतींचे फोल्डर उघडले, तर त्यात काहीच नव्हते. आदल्या दोन दिवसांच्या प्रती तेथे असायला हव्या होत्या. शेजारी बसून एका नव्या कादंबरीला क्रमांक घालत असलेल्या बाईंनी विचारले, "अहो भाऊ, रोजची प्रत निघते म्हणालात ना, ती निघते काय?" त्यांच्या दोन वर्षांच्या कष्टांची एकच एक प्रत, तीही नुकत्याच विजेच्या तडाख्यातून सुटलेल्या डिस्कवर, एवढेच आमच्याकडे होते. त्या दिवशीचा घसा कोरडा पडल्याचा अनुभव मी विसरलेलो नाही.

यावरचा उपाय जुना आहे आणि त्याचे नाव ॲनाक्रॉन. तो घड्याळाचा काटा पाहत नाही. हे काम यापूर्वी कोणत्या तारखेला झाले होते याची नोंद तो ठेवतो, आणि संगणक सुरू झाल्यावर ठरलेले दिवस उलटलेले असतील तर थोड्या वेळाने ते काम करून टाकतो. रोजच्या कामांसाठी सुरुवातीनंतर पाच मिनिटांचा अवकाश ठेवलेला असतो, म्हणजे संगणक चालू होताच सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडत नाही. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत ॲनाक्रॉन आधीपासून असतो आणि सर्व्हर आवृत्तीत नसतो, कारण सर्व्हर बंद होत नाही असे गृहीत धरलेले असते. सर्व्हर आवृत्ती हलकी म्हणून मी ती निवडली होती आणि त्या निवडीबरोबर हे गृहीतकही नकळत घरात आले होते. ॲनाक्रॉन बसवल्यानंतर क्रॉन स्वतःहून मागे सरतो आणि रोजची, आठवड्याची व महिन्याची कामे त्याच्या हवाली करतो. लॅपटॉपवर हे करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की, डेबियन आणि उबुंटूवर बॅटरीवर चालू असताना ॲनाक्रॉन मुळात काम सुरूच करत नाही. तशी त्याची सेटिंग असते आणि ती बदलता येते. लाईट वारंवार जाणाऱ्या गावात ही गोष्ट लहान नाही.

सिस्टमडीचे, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे, टायमर वापरणाऱ्यांना हीच सोय एका ओळीत मिळते. टायमरच्या फाइलमध्ये पर्सिस्टंट हा पर्याय चालू केला, की संगणक बंद असताना हुकलेली वेळ लक्षात ठेवली जाते आणि सुरू होताच काम केले जाते. शिवाय कोणते काम शेवटी कधी झाले आणि पुढे कधी होणार याची सरळ यादी पाहता येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने टायमरच शिकावेत असे माझे मत आहे.

एवढ्यावर काम संपले असे मला वाटले होते. प्रत त्याच डिस्कवर राहून उपयोग नाही, म्हणून ती पेनड्राइव्हवर घेणारी एक छोटी स्क्रिप्ट मी लिहिली, तिला बॅकअप डॉट एसएच असे नाव दिले, चालवण्याची परवानगी दिली आणि रोजच्या फोल्डरमध्ये ठेवली. आठवडाभराने पाहिले तर पेनड्राइव्ह रिकामा. हाताने चालवली की स्क्रिप्ट बिनचूक चाले. शोध घेता घेता कारण सापडले ते असे: या फोल्डरमधल्या स्क्रिप्टा रन-पार्ट्स नावाचा प्रोग्राम एकेक करून चालवतो, आणि डेबियनच्या पद्धतीत तो फक्त अक्षरे, अंक, अधोरेषा आणि संयोगचिन्ह एवढ्यांनीच बनलेली नावे मान्य करतो. नावात टिंब असेल तर ती फाइल तो गुपचूप वगळतो. इतर प्रोग्रामांनी मागे ठेवलेल्या जुन्या किंवा अर्धवट फाइली चुकून चालू नयेत हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्त आहे. नावातले टिंब आणि शेवटची दोन अक्षरे काढली आणि दुसऱ्या दिवशी प्रत निघाली. तेव्हापासून नवी स्क्रिप्ट ठेवली की मी रन-पार्ट्स हा प्रोग्राम चाचणीच्या पर्यायासह चालवतो. तो काहीही न चालवता, कोणत्या फाइली चालवल्या असत्या याची यादी देतो. आपल्या फाइलचे नाव त्या यादीत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आता खुर्चीवरून उठत नाही.

पेनड्राइव्हने पुढच्या पावसाळ्यात आणखी एक धडा दिला. आमच्या हवेत मीठ आहे. खिडकीच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग काढावा लागतो, आणि यूएसबीच्या तोंडाशी असलेल्या पितळेवर हिरवट पापुद्रा धरतो. एके दिवशी त्यामुळे पेनड्राइव्ह जोडलाच गेला नाही. स्क्रिप्टला हे कळले नाही. पेनड्राइव्ह ज्या फोल्डरवर येऊन बसतो ते फोल्डर डिस्कवर असतेच, रिकामे का होईना. स्क्रिप्टने प्रत त्या रिकाम्या फोल्डरमध्ये टाकली, काम यशस्वी झाल्याचे कळवले, आणि असे सहा दिवस चालले. म्हणजे प्रत पुन्हा मूळ डिस्कवरच. आता स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत माउंटपॉइंट या आज्ञेने तपासणी होते की तेथे खरोखरच दुसरे काही जोडलेले आहे, आणि नसेल तर स्क्रिप्ट तेथेच थांबून त्रुटी देते. पेनड्राइव्ह दोन आहेत. एक संगणकाला, एक बाईंच्या घरी, आणि दर सोमवारी त्यांची अदलाबदल होते. यूएसबीचे तोंड मी दर महिन्याला कोरड्या ब्रशने स्वच्छ करतो.

याहून फसवा प्रकार फाइलच्या आकाराचा. डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा आपले लेखन सरळ जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामकडे देते आणि जीझिप ते दाबून फाइल करतो, अशी रचना सर्रास असते. डेटाबेसचा पासवर्ड बदललेला असला तर पहिली आज्ञा काहीही न लिहिता बंद पडते, पण जीझिप मिळालेले ते 'काहीच नाही' इमानेइतबारे दाबून २० बाइटची एक वैध फाइल तयार करतो. आज्ञा चालवणाऱ्या शेलच्या दृष्टीने अशा जोडओळीचा निकाल म्हणजे शेवटच्या आज्ञेचा निकाल, आणि शेवटची आज्ञा तर यशस्वी झालेली असते. तारीख बरोबर, नाव बरोबर, फाइल जागेवर आणि आत शून्य. बॅश या शेलमध्ये पाइपफेल हा पर्याय चालू केल्यास मधली कोणतीही आज्ञा चुकली तरी सगळी ओळ चुकल्याचे धरले जाते. मी त्यावरही विसंबत नाही. आमची रोजची प्रत सुमारे १८ एमबीची भरते, त्यामुळे कालच्यापेक्षा आजची फाइल एकदशांशाहून जास्त घटली तर स्क्रिप्ट ती फाइल स्वीकारत नाही आणि जुनी पुसत नाही.

सहा पंचवीसचे मिनिट आणि नावातले टिंब यांत काहीच घडले नव्हते, गंजलेल्या तोंडाच्या आणि २० बाइटच्या प्रकारांत काहीतरी घडूनही उपयोग नव्हता, आणि चारही वेळा बाहेरून पाहणाऱ्याला सर्व सुरळीत दिसत होते. क्रॉन आपल्या कामाचे लेखन ईमेलने पाठवू शकतो, पण आमच्या संगणकावर ईमेलची सोय नाही, आणि असती तरी न झालेल्या कामाचा ईमेल येत नाही. म्हणून मी उलट बाजूने सुरुवात केली. प्रत तपासून पूर्ण झाली की स्क्रिप्ट तारीख, वेळ आणि आकार एका फाइलमध्ये लिहिते, आणि संगणकाच्या पडद्यावर कोहा उघडण्याआधी एक मोठी ओळ दिसते: शेवटची प्रत अमुक दिवशी, अमुक वेळी, इतक्या एमबीची. बाईंनी आपल्या नोंदवहीत वाचकसंख्येच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आणि रोज सकाळी त्या ही ओळ हाताने त्यात उतरवतात. कालची तारीख आजही तशीच दिसली की त्या मला फोन करतात. मोठ्या संस्थांत यासाठी वेगळ्या यंत्रणा असतात, ठरल्या वेळी खबर आली नाही की त्या ओरडतात. आमच्याकडे ते काम निळ्या शाईने होते, आणि ते कधी चुकलेले नाही.

या रकान्यानेच २०२० मध्ये एक विचित्र गोष्ट उघड केली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि दापोली, मंडणगड भागात माडापोफळीच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीमुळे ग्रंथालय वाचकांना बंदच होते, पण जुन्या पुस्तकांच्या नोंदी करायला बाई आठवड्यातून दोन दिवस जात असत. इशारा मिळाल्यामुळे २ जूनच्या सायंकाळीच त्यांनी संगणक बंद करून कापडात गुंडाळून लोखंडी कपाटावर ठेवला होता. आमच्याकडे वीज सतराव्या दिवशी आली, आणि इंटरनेट त्यानंतर आणखी नऊ दिवसांनी. वीज आल्यावर बाईंनी काम सुरू केले. तिसऱ्या खेपेला त्यांचा फोन आला: "भाऊ, पडद्यावर रोज २ जूनच दिसतंय. आज काय तारीख हाय ती त्याला ठाऊक नाय."

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपला होता. वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम त्याचे. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसल्यावर सिस्टीमने आपल्या नोंदीतली, इंटरनेटवरून शेवटची जुळवणी झाली होती ती वेळ खरी मानली, आणि ती २ जूनची होती. नेट नसल्यामुळे दुरुस्ती होईना, म्हणून दर वेळी संगणक सुरू केला की पुन्हा २ जूनची सायंकाळ. ॲनाक्रॉनच्या वहीत २ जूनचे काम झाल्याची नोंद होतीच. तेव्हा त्याच्या मते आज करण्यासारखे काही उरले नव्हते. शंभराहून अधिक नव्या नोंदी प्रतीविना पडून होत्या. मी फोनवरून बाईंना हाताने प्रत काढायला सांगितली, आणि दापोलीला जाणे शक्य झाल्यावर नवा सेल आणला. मागच्या कामाचा हिशेब ठेवणारी पद्धतही शेवटी घड्याळावरच उभी असते, हे मला त्या आठवड्यापर्यंत सुचले नव्हते. आता स्क्रिप्ट आणखी एक तुलना करते: सिस्टीमची तारीख शेवटच्या प्रतीच्या तारखेपुढे असो वा नसो, डेटाबेसमधल्या नोंदींची संख्या वाढलेली असेल तर प्रत निघालीच पाहिजे.

क्रॉनचा मी त्याग केलेला नाही. पावसाळ्यात दिवसातून एक प्रत पुरत नाही, आणि ॲनाक्रॉनला दिवसाहून लहान माप कळत नाही. म्हणून क्रॉनच्या यादीत एक ओळ आहे: मिनिटांच्या जागी ४०, तासांच्या जागी ११ आणि १७, महिन्यांच्या जागी ६ ते १०, उरलेल्या दोन जागी तारका. जून ते ऑक्टोबर, सकाळी अकरा चाळीस आणि सायंकाळी पाच चाळीस. दोन्ही वेळी बाई टेबलाशी असतात. काम कमी प्राधान्याने चालते, त्यामुळे पुस्तक देताघेताना पडदा अडखळत नाही, आणि फ्लॉक या आज्ञेने कुलूप घातलेले असल्यामुळे आधीची प्रत पूर्ण होण्यापूर्वी दुसरी सुरू होत नाही. या यादीत लिहिताना टक्क्याचे चिन्ह सांभाळावे लागते, कारण क्रॉन त्याला ओळीचा शेवट समजतो, आणि फाइलच्या नावात तारीख घालणारी आज्ञा तेथेच तुटते. महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार दोन्ही दिल्यास क्रॉन त्यांतले कोणतेही एक जुळले तरी काम करतो. पहिल्या शनिवारसाठी १ ते ७ आणि शनिवार असे लिहिणाऱ्याचे काम पहिले सातही दिवस आणि वर प्रत्येक शनिवारी चालते. यादी संपादित करण्याचा पर्याय ई आणि संपूर्ण यादी न विचारता पुसण्याचा पर्याय आर, ही अक्षरे कळफलकावर शेजारी शेजारी आहेत. यादीची प्रत कागदावर छापून ठेवावी.

आमच्या गावातले मच्छीमार भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात: अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. दर दिवशी पाऊण तास पुढे सरकणारे हे वेळापत्रक क्रॉनच्या पाच रकान्यांत कोठेच बसत नाही. एका मच्छीमार मित्राने भरतीची आठवण देणारी स्क्रिप्ट मागितली तेव्हा मी क्रॉनला फक्त पहाटे एकदा उठवले आणि त्या दिवसाची वेळ स्क्रिप्टलाच काढायला लावली. वेळापत्रक गुंतागुंतीचे असेल तर ते यादीत न कोंबता स्क्रिप्टमध्ये ठेवावे, ही सवय तेथून लागली.

एका आंबा बागायतदाराच्या ऑर्डरींचा सर्व्हरही मी पाहतो, आणि तो भाड्याचा असून त्याचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, आहे. तेथे कोणीतरी आधी रात्रीचे तीन म्हणून लावलेले देखभालीचे काम आपल्याकडे सकाळी साडेआठला चाले, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत पेट्यांच्या ऑर्डरी येऊ लागतात नेमके तेव्हा. ते आता २१:३० ला लावले आहे, आपल्या पहाटे तीनला.

मे महिन्याच्या अखेरीस येथे घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, धांदल असते. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, कौले परतली जातात. ग्रंथालयाची आगोट मी त्याच आठवड्यात करतो. सेल बदलतो, यूपीएसची बॅटरी तपासतो, आणि बाईंच्या घरचा पेनड्राइव्ह माझ्या जुन्या लॅपटॉपवर लावून त्यातून संपूर्ण कोहा पुन्हा उभा करतो. मग बाई नोंदवहीतून कोणतेही दहा दाखल क्रमांक वाचतात आणि मी ती पुस्तके त्या लॅपटॉपवर शोधून दाखवतो. गेल्या वर्षी दहाचे दहा सापडले. यंदा त्यांनी वीस क्रमांक काढून ठेवले आहेत आणि मला येत्या शनिवारी चारला बोलावले आहे.